लाल डोळा आणि प्रतिजैविकाचे थेंब : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मराठीत 'डोळे येणे' असा एक वाक्प्रयोग रूढ आहे. डोळा लाल झाला, चिकटू लागला, त्यातून पाणी वा चिपडे येऊ लागली की 'डोळे आले' असे म्हटले जाते. हा शब्द सोयीचा असला तरी एका बाबतीत घातक आहे. लाल झालेला प्रत्येक डोळा एकाच आजाराने लाल झाला आहे, असा समज तो नकळत पक्का करतो. आजार एकच, म्हणून औषधही एकच, हा पुढचा तर्क. औषध म्हणजे दुकानातून आणलेली थेंबांची कुपी. तीत प्रतिजैविक आहे की स्टेरॉइड, की दोन्ही, याची चौकशी सहसा होत नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरतात. दोन्ही तालुक्यांत आदिवासी लोकसंख्येचे प्राबल्य आहे. वारली, कोकणा, धोडी, दुबळा, काथोडी आणि मल्हार कोळी समाजांची वस्ती पाड्यापाड्यांतून विखुरलेली आहे. भातशेती, गवतकापणी, चिकूच्या वाड्या, ढोबळी मिरचीची लागवड, किनाऱ्यावरील मासेमारी, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे होणारे स्थलांतर आणि उंबरगाव-वापीच्या औद्योगिक वसाहतींतील रोजंदारी ही येथील उपजीविकेची साधने होत. यांपैकी जवळजवळ प्रत्येक साधनाचा डोळ्याशी काही ना काही संबंध येतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. प्रस्तुत लेखात लाल डोळ्याची कारणे, त्यांत प्रतिजैविक थेंबांचे नेमके स्थान आणि त्यांच्या गैरवापराचे परिणाम यांचा या परिसराच्या संदर्भात विचार केला आहे.

साथीचे डोळे आणि विषाणू

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूस एक पातळ पारदर्शक आवरण असते. वैद्यकात त्यास कंजंक्टायव्हा म्हणतात. या आवरणास दाह झाला की त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात व डोळा लाल दिसतो. हा दाह विषाणूंमुळे, जिवाणूंमुळे, धूळ-परागकणांच्या वावड्यामुळे किंवा धूर-रसायनांमुळे होऊ शकतो. पावसाळ्यात गावेच्या गावे व्यापणारी जी साथ येते ती मुख्यत्वे विषाणूंची असते. प्रतिजैविके जिवाणूंच्या पेशीभित्तीवर, प्रथिननिर्मितीवर अथवा जनुकीय यंत्रणेवर काम करतात. विषाणूस ना पेशीभित्ती, ना स्वतःची प्रथिननिर्मिती. त्यामुळे साथीच्या डोळ्यांत टाकलेला प्रतिजैविकाचा थेंब विषाणूचे काहीही बिघडवू शकत नाही.

तरीही थेंबाने गुण आला, असा अनुभव बहुतेकांना येतो. याचे कारण साधे आहे. हा आजार आपली मुदत संपली की आपोआप ओसरतो. एन्टेरोव्हायरस गटातील विषाणूंची साथ संसर्गानंतर एक-दोन दिवसांतच लक्षणे दाखवते व साधारण आठवडा-दहा दिवसांत शमते. ॲडिनोव्हायरसचा दाह दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुपी आणली आणि सातव्या दिवशी डोळा निवळला, तर श्रेय कुपीस मिळते. पुढच्या साथीत तीच कुपी शोधली जाते.

महाराष्ट्रास या साथींचा मोठा अनुभव आहे. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात रक्तस्रावी नेत्रदाहाचा एक नवा प्रकार उद्भवला. त्याच सुमारास माणूस चंद्रावर उतरल्याने तिकडे त्यास 'अपोलो ११'चा आजार असे नाव पडले. १९७१ मध्ये ही साथ भारतात पसरली. बांगलादेशच्या मुक्तिलढ्याचे ते वर्ष असल्यामुळे बंगालमध्ये तिला 'जय बांगला' म्हणू लागले. मुंबईतही तिने अनेकांचे डोळे लाल केले. साथ ओसरल्यानंतर काही रुग्णांच्या पायांत पोलिओसारखा लुळेपणा आल्याचे मुंबईतील मज्जासंस्थातज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यांनी ही निरीक्षणे १९७२ पासून 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. डोळ्याच्या साथीचा विषाणू क्वचित मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो, हे जगाच्या नजरेस आणण्यात मुंबईच्या रुग्णालयांचा वाटा मोठा होता. एन्टेरोव्हायरस ७० या नावाने तो विषाणू ओळखला जातो. असा लुळेपणा अत्यंत विरळ असला, तरी साथीचा आजार थेंबांच्या कुपीच्या आटोक्यातला नाही हे त्यावरून ध्यानात यावे.

२०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यात पुन्हा मोठी साथ आली. पुणे जिल्ह्यातील आळंदी येथे तिची सुरुवातीला ठळक नोंद झाली व ऑगस्टपर्यंत राज्यभरात दोन लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. अशा साथीत आश्रमशाळा व वसतिगृहे यांची स्थिती नाजूक असते. शेजारी शेजारी अंथरुणे, एकच पंचा आणि हात धुण्याच्या मोजक्या तोट्या, एवढ्यावर विषाणूचे काम भागते. आजारी मुलास घरी पाठविले तर साथ पाड्यावर जाते, आणि ठेवून घेतले तर वर्गभर पसरते. स्वतंत्र खोली, स्वतंत्र पंचा आणि साबणाने हात धुणे हे उपाय येथे कोणत्याही थेंबापेक्षा प्रभावी ठरतात. केवळ रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहिल्याने डोळे येतात, हा समज निराधार आहे. काळ्या चष्म्याने प्रकाशाचा त्रास कमी होतो, संसर्ग अडत नाही. संसर्ग पसरतो तो हातांनी, कापडाने आणि एकाच कुपीचे टोक अनेकांच्या पापण्यांना लागल्याने. म्हणजे घरातल्या पाच जणांनी एकच कुपी वापरली तर औषधच साथीचे वाहन होते.

जिवाणूंचा दाह आणि प्रतिजैविकाचा मर्यादित लाभ

जिवाणूंमुळे येणाऱ्या डोळ्यांत घट्ट, पिवळसर वा हिरवट चिपडे येतात व सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. लहान मुलांत हा प्रकार अधिक आढळतो. येथे क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन किंवा टोब्रामायसिन यांसारखी औषधे उपयोगी पडतात. मात्र सौम्य जिवाणूदाहही बहुतेक रुग्णांत आपोआप बरा होतो. प्रतिजैविकाने तो एखाद-दोन दिवस लवकर निवळतो, इतकाच फरक. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. शाळा किंवा मजुरी बुडू नये म्हणून तो काहींना हवाही असेल. परंतु ज्या औषधाचा लाभ इतका माफक आहे, त्याच्या अर्धवट व वारंवार वापरातून औषधास दाद न देणारे जिवाणू वाढत असतील, तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

नवजात बालकाची गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे. जन्मानंतर पहिल्या महिन्यात बाळाचे डोळे सुजून पू येऊ लागला, तर तो जन्मावेळी मातेकडून मिळालेला संसर्ग असू शकतो. गोनोकॉकस जिवाणूमुळे तो झाला असल्यास एक-दोन दिवसांत बुबुळास छिद्र पडण्याचा धोका असतो. १८८० च्या सुमारास जर्मनीत क्रेडे यांनी नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत सुरू केली आणि या अंधत्वाचे प्रमाण झपाट्याने घटले. अशा बाळास काजळ घालणे, दूध पिळणे किंवा दुकानातील थेंब टाकून वाट पाहणे हे सर्व सारखेच धोक्याचे होय. त्यास इंजेक्शनद्वारे प्रतिजैविक लागते व ते रुग्णालयातच मिळते.

खुपऱ्या या जुन्या आजाराचाही येथे ओझरता उल्लेख आवश्यक आहे. टेट्रासायक्लिनची मलमे व पुढे ॲझिथ्रोमायसिन, यांना स्वच्छतेची जोड मिळून त्याचा प्रसार घटला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून उच्चाटन झाल्याचे मान्य केले. प्रतिजैविक योग्य आजारावर, योग्य रीतीने वापरले की काय साधते याचे हे उदाहरण.

भाताचे पाते आणि बुबुळ

आतापर्यंतच्या विवेचनावरून प्रतिजैविकाचे थेंब निरुपयोगी आहेत असा कोणाचा ग्रह होईल, तर तो चुकीचा ठरेल. डहाणू-तलासरीच्या शेतशिवारात एक डोळा असा आहे की ज्यास हेच औषध वेळेवर मिळाले तर दृष्टी वाचते आणि न मिळाले तर जाते. तो डोळा ओरखडा पडलेल्या बुबुळाचा.

डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेस, म्हणजे कॉर्नियास, बोलीत बुबुळ म्हणतात. तिच्यावर पेशींचा पातळ थर असतो. हा थर शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरकाव मिळत नाही. भाताची कापणी, झोडणी, गवताच्या पेंढ्या बांधणे, जळणाची मोळी वाहणे, अशा कामांत पाते, कुसळ वा काटकी डोळ्यास लागते आणि हा थर खरवडला जातो. वीटभट्टीवर राखेचा वा मातीचा कण, चिंचणी-डहाणूकडील डायमेकिंगच्या व्यवसायात धातूचा कण तेच करतो. डोळा खुपतो, पाणी येते, लाल होतो. मजूर म्हणतो, 'डोळा आला'. येथे तो शब्द घात करतो. कारण साथीचा डोळा थांबू शकतो, हा थांबू शकत नाही. ओरखड्यात जंतू शिरले तर काही दिवसांत तेथे व्रण होतो. व्रण भरला तरी पांढरा डाग उरतो. त्यालाच गावात 'फूल पडले' म्हणतात. तो डाग बुबुळाच्या मध्यभागी असेल तर त्या डोळ्याचे दिसणे गेले.

नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात गावपातळीवर केलेला व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. प्रशिक्षित ग्राम आरोग्यसेवकांनी डोळ्यास मार लागलेल्यांची तपासणी केली आणि बुबुळावर ओरखडा आढळल्यास १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉल मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस घालण्यास दिले. अशा ४४२ रुग्णांपैकी सुमारे ९६ टक्के जणांचा ओरखडा संसर्गाविना भरला. इजेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. उपचार स्वस्त, औषध जुने आणि देणारे डॉक्टर नव्हेत. यशाचे मर्म वेळेत होते.

सायवन, गंजाड किंवा उधवा परिसरातील पाड्यावरून हे १८ तास कसे जातात याचा विचार केला पाहिजे. संध्याकाळी पाते लागते. रात्री कोणी घरगुती उपाय सांगतो : एरंडेल, मध, बाळंतिणीचे दूध, झाडपाल्याचा रस. भगताकडेही विचारणा होते. झाडपाल्याच्या रसाबरोबर बुरशी व जंतू थेट उघड्या जखमेवर पोहोचतात, म्हणून हा उपाय सर्वांत घातक. दुसऱ्या दिवशी कापणी सोडता येत नाही, कारण एका दिवसाची मजुरी बुडते व जाण्या-येण्याचे भाडे वर पडते. तिसऱ्या दिवशी डोळा उघडत नाही तेव्हा नाक्यावरच्या दुकानातून कुपी येते. या क्रमात अडाणीपणा शोधणाऱ्यांनी मजुरी आणि गाडीभाडे यांची बेरीज आधी करून पाहावी. औषधाची किंमत या साखळीत सर्वांत लहान आकडा असतो.

बुरशी, स्टेरॉइड आणि तात्पुरती पांढरी नजर

वनस्पतीच्या पात्याने झालेल्या जखमेत जिवाणूंइतकीच बुरशीही संभवते. मदुराई येथील रुग्णांवर आधारित, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुबुळाच्या व्रणांत जिवाणू व बुरशी यांचे प्रमाण जवळजवळ बरोबरीचे आढळले होते. फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस या बुरशी शेतातील माती-पेंढ्यात सहज असतात. त्यांच्यावर प्रतिजैविक चालत नाही, नॅटामायसिनसारखे बुरशीनाशक थेंब लागतात व तेही कित्येक आठवडे. व्रण खरवडून त्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय हा भेद खात्रीने कळत नाही. म्हणजे व्रण दिसू लागला की दुकान आणि गावपातळी या दोहोंची मर्यादा संपते.

याच टप्प्यावर सर्वांत मोठा अपाय होतो तो मिश्र थेंबांनी. प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असलेल्या कुप्या बाजारात सर्रास मिळतात. स्टेरॉइड दाह दाबते. डोळा लवकर पांढरा दिसतो, खुपणे कमी होते आणि ग्राहक समाधानी होतो. परंतु दाह हा शरीराचा जंतूंविरुद्धचा प्रतिकार असतो. तो दाबला की आत बुरशी अथवा हर्पिसचा विषाणू मोकळेपणाने पसरतो. वरून डोळा बरा दिसतो आणि आतून बुबुळ वितळत जाते. असे थेंब दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू आणि पुढे मोतीबिंदूही होऊ शकतो. काही थेंब केवळ रक्तवाहिन्या आकुंचित करून लाली घालवतात. त्यांचा परिणाम ओसरला की डोळा पूर्वीपेक्षा अधिक लाल होतो व कुपीची सवय लागते.

डोळ्यांत घालण्याची प्रतिजैविके व स्टेरॉइडे औषध नियमांतील अनुसूची एच मध्ये मोडतात, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकली जावीत असा नियम आहे. प्रत्यक्षात चिठ्ठीची जागा रिकामी कुपी घेते. 'हीच द्या' असे म्हणून ती पुढे केली जाते. निदान कुपीवरील घटकांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा फ्लुरोमेथोलोन यांपैकी नाव दिसल्यास ती चिठ्ठीविना न घेणे, एवढी ओळख शाळेत शिकणाऱ्या मुलांनाही करून देता येईल. पाड्यावर औषधाची पट्टी वाचणारे बहुधा तेच असतात.

डोळा ओळखण्याच्या खुणा

गावपातळीवर नेमके निदान शक्य नसले तरी साधा आणि गंभीर डोळा वेगळा काढता येतो. त्यासाठी उपकरण लागत नाही. चिपडे पुसल्यावर दिसणे पूर्वीसारखे आहे काय, हा पहिला प्रश्न. एक डोळा झाकून दुसऱ्याने समोरच्याची बोटे मोजायला लावली तरी पुरते. साथीच्या डोळ्यात डोळा चुरचुरतो, पण ठणकत नाही. ठणका, उजेड अजिबात सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका, इजेचा पूर्वेतिहास, किंवा एकच डोळा लाल राहून चार-पाच दिवसांत उतार न पडणे, यांपैकी काहीही असल्यास ते साधे डोळे येणे नव्हे. त्यात कनीनिकेचा दाह किंवा अचानक चढलेला काचबिंदू असण्याचीही शक्यता असते. अशा रुग्णाने डहाणू वा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय गाठावे व तेथून पुढे नेत्रतज्ज्ञाकडे जावे. सीमेपलीकडील वापी-सिल्वासाकडे जाणारे रुग्णही असतात. कोठे गेले यापेक्षा कोणत्या दिवशी गेले हे अधिक महत्त्वाचे.

चुना आणि रसायन यांचा अपवाद मात्र कायम लक्षात ठेवला पाहिजे. तंबाखूच्या चुन्याची नळी दाबताना तो लहान मुलाच्या डोळ्यात उडतो. कारखान्यात अल्कली उडते. येथे थेंबही नको आणि गाडीची वाट पाहणेही नको. जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याने अर्धा तास डोळा धुवावा, पापणी उलटून अडकलेले चुन्याचे कण काढावेत आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. पहिल्या काही मिनिटांत जे धुतले जाते त्याची बरोबरी नंतरचे कोणतेही औषध करीत नाही.

थेंब घालण्याची रीत

डॉक्टरांनी थेंब दिले तरी ते डोळ्यात राहिले पाहिजेत. पापणीच्या आतील पोकळीत सुमारे ३० मायक्रोलिटर द्रव मावतो, आणि कुपीतून पडणारा एक थेंब त्याहून मोठा असतो. म्हणून दोन-तीन थेंब एकदम टाकणे म्हणजे औषध गालावर सांडणे होय. हात धुवून, खालची पापणी ओढून, कुपीचे टोक डोळ्यास न लावता एक थेंब टाकावा, डोळा मिटावा आणि नाकाकडील कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटे दाबून धरावा. अश्रू औषध लवकर वाहून नेतात, म्हणून दिवसातून सांगितलेल्या वेळा पाळणे आवश्यक असते. दुसरे औषध असल्यास मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. भाताच्या कामात असलेल्या माणसास दिवसभर थेंब घालणे जमत नाही. त्यास रात्री मलम हा पर्याय डॉक्टरांना विचारता येतो, कारण मलम डोळ्यात अधिक काळ टिकते. उघडलेली कुपी साधारण चार आठवड्यांनंतर फेकून द्यावी. ती उघडल्याची तारीख वेष्टनावर लिहून ठेवावी, आणि घरात दुसऱ्या कोणाचे डोळे आले तरी ती त्यास देऊ नये.